कॉनराड फाइटनं भरलेला अर्ज

नमस्कार श्रोतेहो. ‘कॅसाब्लांका’ या जुन्या हॉलिवूडपटातला मेजर स्ट्रासर आठवतोय ना? कडक गणवेशातला, थंड नजरेचा तो नाझी अधिकारी. आज त्या नटाविषयी बोलायचंय. नाव कॉनराड फाइट.

जन्म 1893 चा, बर्लिनमधला. 1920 साली ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ या मूकपटात त्यानं झोपेत चालणारा सेझारे उभा केला आणि त्याचं नाव देशोदेशी पोचलं. मूकपट मोबाइलवर पाहू नयेत, हे माझं ठाम मत. फाइटचा निम्मा अभिनय त्याच्या लांब बोटांत आहे आणि तळहाताएवढ्या पडद्यावर ती बोटं दिसतच नाहीत! असो. विसाच्या दशकात जॉन बॅरिमोर या अमेरिकन नटानं त्याला हॉलिवूडला बोलावलं. तिथं जम बसला, पण बोलपट आले, इंग्रजी कच्चं होतं, म्हणून तो मायदेशी परतला.

आणि आलं 1933 साल. हिटलर सत्तेवर आला. चित्रपटसृष्टीतून ज्यूंना काढायचं ठरलं. स्टुडिओत काम करायचं तर एक अर्ज भरून द्यायचा, त्यात आपला वंश लिहायचा. आता ऐका. फाइट ज्यू नव्हता. पुन्हा सांगतो, तो ज्यू नव्हता. ज्यू होती त्याची लिली, जिच्याशी त्यानं त्याच वर्षी लग्न केलं. त्यानं खरं ते लिहिलं असतं तर त्याची कामं चालू राहिली असती. जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या नटांपैकी तो एक; सरकारला तो हवाच होता. पैसा, नाव, मातृभाषा, सगळं हाताशी होतं. वंशाच्या रकान्यात त्यानं एकच शब्द लिहिला : ज्यू.

त्या एका शब्दानं जर्मनीतली कारकीर्द संपली. नवराबायको इंग्लंडला गेले. पुढं एका चित्रीकरणासाठी तो जर्मनीत गेला, तर त्याला अडकवूनच ठेवलं. ‘आजारी आहे, प्रवास झेपणार नाही,’ असा निरोप लंडनला गेला. तिथल्या गोमाँ-ब्रिटिश या चित्रपट कंपनीनं सरळ आपला डॉक्टर धाडला. त्यानं तपासलं, तर माणूस ठणठणीत! मग सोडावंच लागलं.

1940 साली ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा चित्रपट पुरा करायला तो पुन्हा अमेरिकेला गेला. त्यात आपल्या म्हैसूरचा नट साबू त्याच्यासमोर आहे, आणि फाइट झालाय दुष्ट वजीर जाफर. नंतर हॉलिवूडनं त्याच्यापुढं नाझींच्याच भूमिका आणल्या. त्यानं त्या घेतल्या, पण अट घातली : नाझी करीन, तर तो खलनायकच असला पाहिजे. त्याला कुठंही थोरपणा द्यायचा नाही. म्हणून स्ट्रासरमध्ये प्रेक्षकाला माया वाटावी अशी एकही फट नाही. खलनायकाला हल्ली दुःखी बालपण जोडून देतात, ते मला बिलकुल पटत नाही. काही माणसं नुसती क्रूर असतात, आणि फाइटनं तशी जवळून पाहिली होती. कमाईतला मोठा वाटा तो ब्रिटनच्या युद्धकार्याला देत राहिला.

3 एप्रिल 1943 रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकारानं तो गेला. वय अवघं 50.

श्रोतेहो, फाइट पाहायला सुरुवात करायची असेल तर ‘कॅलिगारी’पासून करा. सव्वा तासाचाच आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर लावा आणि दिवे मालवा. नमस्कार.