बोर्डावरचा चौकोन

नमस्कार सोलापूरकर श्रोतेहो. उन्हाळ्यात आपल्याकडं सकाळी सहालाच बास्केटबॉल खेळून घ्यावा लागतो, नऊनंतर सिमेंटचं कोर्ट नुसतं भाजतं. आमच्या ग्राउंडवर पोरं आली की प्रत्येकाला लांबून थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, मारायचा असतो, आणि मी रोज सांगतो, बाळांनो, आधी रिंगच्या वर बोर्डावर आखलेला तो चौकोन बघा, अमेरिकेत खेळलेला टिम डंकन तिथंच बॉल लावायचा.

डंकन कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा, १९७६ चा जन्म. पोरगा खरं तर स्विमर. १९८९ ला ह्यूगो चक्रीवादळानं तिथला मोठा पूल पार मोडला, समुद्रात प्रॅक्टिस करायची तर शार्कची भीती, मग पोहणं सुटलंच. चौदावा वाढदिवस उद्यावर आलेला आणि आई कॅन्सरनं गेली. डिग्री घेईन असा तिला शब्द दिलेला, म्हणून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग, बोलवत असताना गड्यानं कॉलेजची चारही वर्षं पूर्ण केली, सायकॉलॉजीची डिग्री घेतली आणि मगच १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरवर सॅन अँटोनियो स्पर्स या टीमकडं गेला. १९ सीझन तिथंच. पाच टायटल, दोनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू.

त्याला बोरिंग म्हणतात ना, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. रिंगच्या डाव्या अंगाला उभा राहायचा, खांदा जरासा हलवायचा आणि बॉल तिरका बोर्डावर, टक, आत. समोरच्याला ठाऊक असायचं की हेच येणार, तरी अडवता यायचं नाही हो! २००३ च्या फायनलमधल्या शेवटच्या मॅचचे आकडे बघा, २१ पॉइंट, २० रिबाउंड (हुकलेले बॉल पकडले), १० असिस्ट (बास्केट होईल असे पास), ८ ब्लॉक (समोरच्याचे शॉट अडवले).

पण मला जास्त आठवतो तो २०१३ चा. फायनलमध्ये मायामीच्या टीमविरुद्ध सातवी, शेवटची मॅच, मिनिटसुद्धा उरलं नव्हतं, दोन पॉइंटनं मागे, आणि अगदी रिंगजवळचा शॉट हुकला, लगेच टिप केला, म्हणजे बॉल हवेतच बोटांनी पुन्हा ढकलला, तोही हुकला, मागे पळत जाऊन त्यानं फ्लोअरवर हात आपटले. पुढच्या वर्षी, ३८ व्या वर्षी, फायनलमध्ये त्याच मायामीला ४-१ नं हरवलं. २०१६ ला रिटायर झाला तेव्हा निरोपाचा सोहळा नाही की काही नाही, टीमनं एक प्रेसनोट काढली, बास.

आमच्या बोर्डावरचा चौकोन उन्हानं पार उडून गेला होता, काल संध्याकाळी स्टुलावर चढून पांढरा ऑइलपेंट मारलाय. उद्या सहाला या, फक्त वाळेपर्यंत कुणी हात लावू नका.