४० रुपये, ६०० रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी नऊच्या आत फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावायची, तिथून एसटीच्या बसने चार किलोमीटर आत जायचं आणि अजिंठ्याच्या तिकीटखिडकीपाशी पाहुण्यांना घेऊन उभं राहायचं. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ, एवढा फरक सोडला तर वीस वर्षं माझा दिवस असाच उगवतो. मी गाईड आहे.

खिडकीवरची पाटी मला पाठ आहे. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. मोबाइलवर काढलं तर ३५ आणि ५५०. पाहुणा पाटी वाचतो, मनात भागाकार करतो आणि माझ्याकडे बघतो. 'पंधरापट?' काही जण तोंडाने विचारतात, काही नुसत्या भुवईने.

मी त्याला पलीकडची रांग दाखवतो. सिल्लोडहून आलेलं एक कुटुंब, पोरं, आजी, पिशवीत भाकरी आणि ठेचा. गाडीभाडं झालं, आतल्या बसचं झालं, वर मुलांनी दगडवाल्याकडचा चकाकणारा गारगोटीचा तुकडा मागितला. पंधरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, तिकीट नाही, पण मोठ्यांना माणशी ६०० पडले असते तर ही माणसं पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे कधी उभी राहिली असती? आणि हे घर त्यांचंच आहे. टपरीवर काडेपेटी घेणाराही सरकारला कर देतो. त्यामुळे घरच्याला कमी आणि पाहुण्याला जास्त, यात मला काही वावगं वाटत नाही. जगभर चालतं ते. अंगकोरला कंबोडियाच्या माणसाला तिकीट नाही, बाहेरच्याला एका दिवसाचे ३७ डॉलर. आपल्याकडून सहलीला गेलेली मंडळी तिथे कुरकुरतात, आणि इकडे येऊन आपल्या पाटीचं समर्थन करतात, तो भाग वेगळा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानेही २०२६ च्या जानेवारीपासून युरोपीय संघ आणि त्याच्या जोडीचे मोजके देश सोडून बाकीच्यांचं तिकीट २२ युरोंवरून ३२ केलंय. तेव्हापासून फ्रेंच पाहुण्यांशी बोलताना माझा आवाज जरा मोकळा झाला आहे!

आणखी एक गोष्ट. २०१६ पूर्वी आपल्याला १० रुपये होते, त्यांना २५०. मग ३० आणि ५०० झाले, २०१८ मध्ये ४० आणि ६००. म्हणजे रक्कम वाढत गेली, पण पट पंचविसावरून पंधरावर आला. हे सांगितलं की पाहुणा हसतो आणि पाकीट काढतो.

पण मी अडखळतो तो त्याच पाटीवरच्या पुढच्या शब्दांपाशी. सार्क आणि बिमस्टेक, म्हणजे आपल्या आसपासच्या देशांचे दोन गट, त्यांच्या नागरिकांनाही ४०च. नेपाळ, श्रीलंका, भूतान, झालंच तर थायलंड. एका सकाळी सव्विसाव्या लेण्यात मी दोन भिक्खू पाहिले, एक थायलंडचे, एक व्हिएतनामचे. महापरिनिर्वाणाच्या त्या सात मीटर लांब मूर्तीपुढे दोघं शेजारी शेजारी बसले होते. एक ४० देऊन आले होते, एक ६००. थायलंड हा दोघांतला सधन देश. इथे माझा काडेपेटीचा युक्तिवाद चालत नाही. हा शेजारधर्म झाला, परराष्ट्र खात्याचा. असू दे, पण त्याला न्याय म्हणायला जीभ रेटत नाही.

माझा आत्तेभाऊ न्यू जर्सीला असतो. पासपोर्ट अमेरिकेचा, खिशात ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला आपलं सरकार देतं ते, म्हणून तिकीट आपल्याइतकंच. कर तो तिकडे भरतो. मग सवलत कराची की नात्याची? नात्याची असेल तर तसं म्हणावं, मला ती जास्त पटेल.

जपानमधल्या हिमेजीच्या किल्ल्याने वेगळीच रेघ मारली आहे. २०२६ च्या मार्चपासून त्या शहरात राहणाऱ्याला १००० येन, बाकी सगळ्यांना २५००. टोकियोचा जपानीही तिथे बाहेरचाच. हाच नियम इथे आणला तर फर्दापूरची माणसं आतली आणि मुंबईकर बाहेरचे. मुंबईकरांनी रागावू नये, पण लेण्यांची गर्दी, कचरा, पाण्याची ओढ सोसतं ते फर्दापूर.

आणि सहाशे घेतलेच, तर त्या बदल्यात दिसावं तरी काहीतरी. ताजमहालला परदेशी तिकिटावर पाण्याची बाटली आणि बुटांवर चढवायचं आवरण मिळतं. आमच्याकडे त्याच पायऱ्या, तेच ऊन. तिकिटाचा पैसा सरकारच्या तिजोरीत जातो, या लेण्याच्या नावाने वेगळा राहत नाही. 'माझ्या सहाशेचं इथे काय होतं?' असं एका पाहुणीने विचारलं होतं, तेव्हा मी घाईने वाघूर नदी दाखवायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात इस्रायलहून एक आजी आल्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, जन्म पनवेलचा, लहानपणीच तिकडे गेलेल्या. खिडकीतल्या बाबूशी त्या मराठीतच बोलल्या. तोही गोड हसला, पण पासपोर्ट इस्रायलचा, ओसीआय कार्ड नाही, तेव्हा ६००. आजींनी एक शब्द न काढता पैसे मोजले. पुढे पायऱ्या बघून डोली करायची ठरली. त्यांनी भाव ऐकला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे बाबा, माझं वजन तरी बघ, चिपाड झालेय नुसती!"

डोलीवाला दचकला. "मावशी, गाव कुठलं तुमचं?"

"पनवेल."

"मग आधी सांगायचं ना," म्हणत त्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि भाव खाली आणला.