अडखळणारी चित्रं

नमस्कार मंडळी! आज ॲनिमेशनबद्दल बोलूया, आणि प्लीज "ते तर लहान मुलांचं" म्हणून रेडिओ बंद करू नका, दोनच मिनिटं थांबा.

आपल्याला कसं असतं ना, चित्र जितकं स्मूथ, जितकं खऱ्यासारखं, तितका पिक्चर भारी. मीपण बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो, हालचाल जरा अडखळली की वाटायचं, ह्यांचे पैसे संपले वाटतं. आता टीव्हीच्या जुन्या कार्टूनमधे नुसतं तोंड हलतं आणि बाकी अंग ढिम्म, ते पैसे वाचवायलाच असतं म्हणा. पण सगळीकडे नाही!

सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम्स, म्हणजे 24 स्थिर चित्रं, डोळ्यांसमोरून जातात. हाताने चित्रं काढणारे बरेचदा एकच चित्र दोन फ्रेम्स ठेवतात, म्हणजे 12 चित्रांत सेकंद निघतो. 2018 च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मधे जंगलातला सीन आहे बघा, दोघं स्पायडर-मॅन झाडांमधून झोके घेत पळतायत, त्यात मुरलेला पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो आणि नवखा माइल्स एक सोडून एक, त्यामुळे तो सतत अर्धं पाऊल मागे पडल्यासारखा वाटतो. कोणी काही बोलत नाही, तरी कळतं की ह्या पोराला अजून जमत नाहीये.

1933 च्या 'किंग काँग'मधे काँगच्या अंगावरची लव उगाच थरथरते, वारा नाही काही नाही. काँग म्हणजे खरं तर एक बाहुला, तो दर फ्रेमला थोडा हलवताना माणसाची बोटं लागायची, त्याच्या त्या खुणा. चूकच ती, पण मला तर त्यानेच तो जिवंत वाटतो.

कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी ॲनिमेशनवर माझा राग नाही हां, फक्त केस किती खरे दिसतात ह्याचंच कौतुक किती वर्षं करायचं?

आणि एक जुना पिक्चर सांगतो, लोटे रायनिगर ह्या जर्मन दिग्दर्शिकेचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद', 1926 चा. काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या आकृत्या, सांधे तारेने जोडलेले, खालून उजेड आणि वरून कॅमेरा. चेहरा नाहीच, नुसती बाजूने दिसणारी काळी आकृती. तरी मान किती झुकली, बोटं कशी उघडली एवढ्यावर कोण घाबरलंय नि कोण प्रेमात पडलंय ते समजतं. मी आधी पाचच मिनिटं बघू म्हणून लावला होता, आणि मग चहा गार झाला.

बघाच, पण मोबाईलवर नको, त्या बोटांसाठी तरी मोठा स्क्रीन शोधा.