रिकामी रॅम काय कामाची?

प्रास्ताविकात सांगितलं गेलं की मी ‘जुन्या लॅपटॉपची रॅम पुरवून कशी वापरावी’ यावर बोलणार. बोलतो, पण आधी माझं जुनं दुखणं ऐकून घ्या. घरचे कंटाळलेत, तुम्ही ताजे दिसताय.

लॅपटॉप चार जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू काम ठेवायची मेमरी), आत फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० होतं तेव्हा. ब्राउझरवर क्लिक करून चहा टाकावा, चहा आधी व्हायचा. दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने काही न विचारता एक ‘बूस्टर’ टाकला, बटण दाबलं आणि भरलेल्या रॅमचा आकडा सर्रकन खाली आला. ‘बघा काका, मोकळी झाली!’ शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, ‘माझ्यातही टाका.’ मी पैसे दिले. घरी येऊन तोच ब्राउझर उघडला, तर पहिल्यापेक्षा उशीर!

का? असे बरेचसे बूस्टर चालू प्रोग्रॅमांना त्यांची पानं सोडायला लावतात. पान म्हणजे मेमरीचा चार केबीचा तुकडा. त्यातली काही पानं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये जातात, आणि पुढच्याच क्लिकला तीच परत आणावी लागतात. आकडा सुंदर, काम दुप्पट. रिकामी रॅम पाहून खूश होणं म्हणजे एसटी रिकामी धावली म्हणून कंडक्टरने पेढे वाटणं. (हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये क्लीनर असणार. हात वर करायला सांगत नाही.)

लिनक्सवाल्यांनी फार हसू नये. तिथे ‘फ्री’ कमांड चालवतात, ‘फ्री’च्या खाली दोनशे एमबी बघतात आणि छातीत धस्स होतं. अहो, शेजारचा ‘बफ/कॅश’ बघा. उरलेल्या रॅममध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवरच्या फाइली धरून ठेवतो आणि प्रोग्रॅमला गरज पडली की त्यातली बरीचशी जागा सोडून देतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. कर्नलनेच हा अंदाज द्यायला सुरुवात केली ती २०१४ साली, ३.१४ आवृत्तीत. तोवर लोक मनातल्या मनात बेरजा करत.

खरा आजार वेगळा आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्यावर लिहिलं : थ्रॅशिंग. प्रोग्रॅमांना एका वेळी लागणारी पानं रॅममध्ये मावली नाहीत, की यंत्र काम सोडून पानांचीच ने-आण करत बसतं. रॅमचा हिशेब नॅनोसेकंदांत, फिरत्या डिस्कचा मिलिसेकंदांत. फरक लाखाच्या घरातला. म्हणून माउससुद्धा हलत नाही आणि डिस्कचा दिवा अखंड जळतो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय आता पळत-पळत.

लिनक्सवर ‘व्हीएमस्टॅट १’ ही कमांड चालवा, ‘एसआय’ आणि ‘एसओ’ बघा, म्हणजे डिस्कवरून परत आलेली आणि डिस्कवर गेलेली मेमरी. दोन्ही सतत हलते असतील तर रॅम खरोखर कमी पडतेय. शून्यावर असतील तर रॅमला बोल लावू नका, दुखणं दुसरीकडे शोधा. कमी पडत असेल तर आधी झेडरॅम. म्हणजे पानं डिस्कवर न पाठवता दाबून रॅममध्येच ठेवायची. बहुधा निम्म्या किंवा त्याहून कमी जागेत बसतात. फेडोरा या लिनक्समध्ये २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हे आपोआप आहे, इतर बऱ्याच जणांना टाकून घ्यावं लागतं. डिस्कवरचा स्वॅप (लिनक्सची पेजफाइलच ती) काढू नका, फक्त त्याचा अग्रक्रम झेडरॅमच्या खाली ठेवा. ‘स्वॅपिनेस’, म्हणजे कर्नल पानं स्वॅपमध्ये टाकायला किती उत्सुक त्याचा आकडा, मुळात साठ असतो. कोणी कुठे दहा करा म्हणतं ते फिरत्या डिस्कच्या काळातलं. झेडरॅम असेल तर शंभर किंवा वरही चालतो. विंडोज १० मध्ये असं दाबणं मुळातच आहे, तिथे फक्त बूस्टर काढा.

फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. थ्रॅशिंग जात नाही, पण सुसह्य होतं.

रॅम वाढवायची तर आधी ती बोर्डावरच डाग दिलेली नाही ना, ते बघा. आणि डीडीआर३ व डीडीआर३एल या रॅमच्या दोन जातींच्या पट्ट्या दिसायला सारख्या, खाचही त्याच जागी. पण १.३५ व्होल्टवरच चालणाऱ्या लॅपटॉपात १.५ व्होल्टची पट्टी बसते, यंत्र मात्र सुरू होत नाही. तेव्हा जुनी पट्टी काढून खिशात घाला आणि मगच दुकानाची पायरी चढा.