उपाशी पोटी दोन तास

(दृश्य: गोव्यातला डिचोली बाजार, बुधवारची सकाळ. मासळीच्या पाट्या, भाजीवाल्या, बसस्टँडवरची गर्दी.)

2023 च्या जून महिन्यात ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात एक मोठी पाहणी छापून आली. आयसीएमआर-इंडियाब तिचं नाव; आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. 2008 ते 2020 या काळात देशभरातल्या 1,13,043 माणसांना घरी जाऊन तपासलं होतं, सगळे वीस वर्षांच्या वरचे. मधुमेह असलेल्यांची देशाची सरासरी निघाली 11.4 टक्के. उत्तर प्रदेश सगळ्यात खाली, 4.8 टक्के. आणि सगळ्यात वर गोवा, 26.4 टक्के.

या बाजारात उभ्या असलेल्या चार मोठ्या माणसांतल्या एकाला शुगर, असा त्याचा अर्थ.

बातमी आली तेव्हा कोणी भाताला दोष दिला, कोणी पावाला, कोणी दारूला. आठवडाभरात विषय मागे पडला. हा आकडा नुसता ऐकून सोडून देण्यासारखा नाही. तो ज्यांच्या रक्तातून आला त्या माणसांकडे आधी बघायला हवं, कारण पुढची उत्तरंही त्यांच्याकडूनच यायची आहेत.

(दृश्य: गावातलं आरोग्य उपकेंद्र. बाकावर पाच-सहा जण. टेबलावर ग्लुकोजची पाकिटं, पाण्याचा जग, वजनकाटा, कंबर मोजायची टेप.)

साडेसात वाजलेत. रात्री जेवल्यापासून कोणी काही खाल्लेलं नाही. किमान आठ तासांचा उपास लागतो. एक काकी सिस्टरला विचारतात, “चहाचा एक घोट घेतला तर चालेल ना गं बाय?”

“नाही हां काकी. साधं पाणी प्या हवं तर. दोन्ही वेळचं रक्त देऊन झालं की मग चहा, न्याहारी, सगळं.”

बोटाला टोचलं, पहिला थेंब घेतला. मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पेला हातात दिला. पाच मिनिटांत संपवायचं. रिकाम्या पोटी एवढं गोड घशाखाली उतरत नाही. काकी डोळे मिटून पितात, अर्ध्यावर थांबतात, पदराने ओठ पुसतात आणि उरलेलं एका दमात संपवतात. आता दोन तास बसून राहायचं. फिरायचं नाही, खायचं नाही, विडी-सिगरेट नाही. घरी दुपारचं जेवण करायचं पडलंय, म्हैस दोहायची राहिलीय, तरी त्या बसून राहतात.

या दोन तासांत शरीरात बरंच काही घडतं. ग्लुकोज आतड्यातून रक्तात उतरतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायू साखर आत घेतात आणि यकृत स्वतःकडची साखर सोडायचं थांबवतं. निरोगी माणसात दोन तासांनी रक्तातली साखर 140 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली येते. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं, वर्षानुवर्षं ओततं आणि शेवटी दमतं. दोन तासांनंतरची साखर 140 ते 199 असली तर माणूस ‘बॉर्डरवर’. 200 किंवा वर गेली तर मधुमेह.

उपाशी पोटीची साखर चांगली असलेला माणूससुद्धा या दुसऱ्या थेंबात सापडतो. म्हणूनच एवढा वेळ बसवून ठेवायचं. “माझी फास्टिंग नॉर्मल आहे” असं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. “चवथ होऊन जाऊ दे, नेवऱ्या खाऊन झाल्या की तपासू” म्हणणाऱ्यांनीही.

(दृश्य: पुण्याजवळचं शेत, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बायका.)

मधुमेह जाड माणसांचा आजार, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. तो मोडण्याचं मोठं काम मराठी मुलखातच झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहण्याआधीपासून त्यांची नोंद ठेवली. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. पुण्याकडची बाळं स्नायूंनी कृश होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. जन्मतःच बारीक, आणि तरी चरबीने जड. त्याच मुलांच्या पुढच्या तपासण्यांतून आणखी एक गोष्ट दिसली: गरोदरपणी ज्या आईच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनचा अवरोध, म्हणजे पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं, जास्त होता.

याज्ञिकांचा एक फोटो वैद्यकीय जगात फार गाजला. शेजारी उभे आहेत त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर हा फरक दिसत नाही.

आता प्रश्न असा की पुण्याची गोष्ट गोव्याला जशीच्या तशी लागू होते का? त्या गावांतलं जेवण बहुतांशी शाकाहारी. आपल्याकडे हुमण-शीत, म्हणजे मासळीची आमटी आणि भात. मासळीत बी-12 मुबलक. श्रावण आणि सोमवार-गुरुवार सोडले तर बऱ्याच घरांत रोज नुस्तें असतं. मग इथल्या साखरेमागचं कारण वेगळं असेल का? की मासळी तीच राहिली आणि बाकीचं आयुष्य बदललं? 2011 च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी निघाली, आणि शहरात मधुमेह जास्त हे इंडियाबमध्येही दिसतं. पण सत्तरीतला काजूचा बागायतदार, पेडण्यातली शिक्षिका, वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा, यांच्यात नेमकं काय घडतंय हे पुण्याच्या अभ्यासातून कळणार नाही. त्यासाठी याच माणसांचा अभ्यास व्हायला हवा.

(दृश्य: संध्याकाळ. मांडवीच्या काठाने चालणारी माणसं.)

उपायांबाबतही तेच. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने बॉर्डरवरच्या 531 जणांना चार गटांत वाटलं. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर ठेवलं नाही. एका गटाला नेहमीचा साधा सल्ला. दुसऱ्याला चालणं आणि खाण्यातले बदल, तेही सतत पाठपुरावा करून. तिसऱ्याला मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी. चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांचा हिशेब पाहिला तर पहिल्या गटातल्या 55 टक्के लोकांना मधुमेह झाला होता. दुसऱ्या गटात 39.3 टक्के, गोळीवाल्यांत 40.5, आणि दोन्ही करणाऱ्यांत 39.5. म्हणजे चालणं आणि ताट सांभाळणं गोळीच्या तोडीचं ठरलं, आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही हाती लागलं नाही. 2006 साली छापलेला हा निष्कर्ष प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावण्याच्या लायकीचा आहे.

पण त्या 531 जणांत बायका किती होत्या? 110.

आम्हाला हे बोचतं. कारण बाईच्या शरीरात या आजाराची पावलं फार आधी उमटतात. विशीत पाळी लांबते, चेहऱ्यावर लव येते, डॉक्टर पीसीओडी हा अंडाशयाचा विकार सांगतात, आणि घरात चर्चा होते ती लग्नाची. त्या पीसीओडीच्या मुळाशी पुष्कळदा इन्सुलिनचा अवरोध असतो, पुढे शुगर होण्याचा धोका असतो, हे तिला कोणी सांगत नाही. मग गरोदरपणात साखर वाढते. सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईला, जेवलेली असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजायची असते. 140 किंवा वर गेली की उपचार सुरू. बाळंतपणानंतर साखर खाली येते, सगळे निश्चिंत होतात. पुढे दरवर्षी तपासायला हवं, पण तेव्हा बाळाच्या लसींची कार्डं सांभाळता सांभाळता आईचा कागद कुठेतरी हरवतो. पाठपुराव्याच्या अभ्यासांतूनही ती इथेच गळते. दोन तास बसायला सवड नाही, बसचं भाडं कोण देणार, सोबत कोण येणार. संशोधन करणाऱ्यांनी ही गळती बाईच्या माथी मारू नये. तपासणी तिच्या वाड्यावर न्यावी, तिच्या वेळेला न्यावी.

(दृश्य: बांबोळी. गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) इमारत, बाह्यरुग्ण विभागाची रांग.)

गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी. पणजीत 1842 साली सुरू झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेचा वारसा आज गोमेकॉकडे आहे. या रांगेत उद्या कोणी तुम्हाला विचारेल, “एका अभ्यासात भाग घ्याल का?” पुष्कळांना वाटतं, आपल्यावर औषधं करून बघणार. ही भीती समजण्यासारखी आहे, आणि तिच्यावरचा इलाज माहितीच आहे.

औषधाची चाचणी एथिक्स कमिटीच्या, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. 2019 च्या नियमांनुसार त्या कमिटीत किमान सात जण हवेत, आणि त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक असायलाच हवा. चाचणीची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत आधी व्हावी लागते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं. मराठी कळत असेल तर मराठीत, कोंकणी कळत असेल तर कोंकणीत. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवं. मध्येच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर औषधोपचार मोफत आणि भरपाईचा हक्क.

तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. मला कोणता गट मिळेल हे कोण ठरवणार? माझे रिपोर्ट मला मिळणार का? आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या, संमतीपत्राची प्रत मागून घ्या आणि घरातल्या एकाला तरी ती वाचायला द्या.