उशिरा वाचलेला लेख

(दृश्य: ग्रंथालयाचं कपाट, बांधीव जुने अंक, पान उलटणारा हात)

लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकाचा हा ३० मे १९५९ चा अंक. पान १५३३. मजकूर पुढच्याच पानावर संपतो. विषय पटकी, म्हणजे कॉलरा. लेखक एकच: एस. एन. डे, कलकत्ता. शीर्षकातले 'बॅक्टेरिया-फ्री', म्हणजे जंतू नसलेलं, हे शब्द नीट बघा. सगळा शोध त्यांत आहे.

(दृश्य: कॉलेज स्ट्रीट, पुस्तकांची दुकानं, मेडिकल कॉलेजचे उंच खांब)

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी याच शहरात १८८४ साली अभ्यासला. हा जंतू विष सोडत असावा, असा त्यांचा तर्क होता. पुढे पंचाहत्तर वर्षं ते विष कुणाच्या हाती लागेना. जनावरांना जंतू टोचून पाहिले. जनावर दगावायचं, पण पटकी काही व्हायची नाही.

शंभूनाथ डे हुगळी जिल्ह्यातले. १९४९ मध्ये लंडनहून पीएचडी करून परतले आणि त्यांनी प्रश्नच सोपा करून टाकला. पटकी आतड्याचा आजार आहे ना? मग जंतू आतड्यातच सोडून बघू.

(दृश्य: प्रयोगाची हाताने काढलेली चित्रं)

सशाला भूल द्यायची. पोट उघडून लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधायचा. तोडायचा नाही, रक्तपुरवठा चालू राहिला पाहिजे. त्या बंद कप्प्यात सुईनं जंतूंचं कल्चर, म्हणजे पोषक द्रवात वाढवलेले जंतू, सोडायचं, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचं. बांधलेला भाग टम्म फुगलेला असे, आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. पटकीच्या रोग्याला होतं ते हेच. डी. एन. चॅटर्जी यांच्यासोबतचं हे काम १९५३ मध्ये छापून आलं. दोरा, सुई आणि ससे. महागडं यंत्र एकही नाही.

मग १९५९. डे यांनी कल्चर गाळलं, त्यातले सगळे जंतू काढून टाकले आणि नुसतं गाळलेलं पाणी कप्प्यात सोडलं. आतडं तरीही फुगलं! कॉख यांनी तर्कानं सांगितलेलं विष सापडलं होतं.

(दृश्य: परळ, हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत)

आणि हे परळ. त्याच वर्षी इथं हाफकिनमध्ये एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून वेगळ्या वाटेनं हेच दाखवलं. 'पटकी येवो' ही शिवी आपल्याला पाठ आहे, ही तीन नावं मात्र नाहीत.

(दृश्य: सायटेशन इंडेक्सचे जाडजूड खंड)

प्रत्येक संशोधक लेखाच्या शेवटी कुणाचं काम वापरलं ते लिहितो. त्या याद्या उलट बाजूनं लावल्या, की एखादा लेख पुढे कुणाकुणाच्या उपयोगी पडला ते कळतं. याला म्हणतात सायटेशन. हा हिशेब फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी उभा केला. १९८६ मध्ये त्यांनी पटकीच्या संशोधनाचा नकाशा या मोजणीतून मांडला, तेव्हा त्याच्या मुळाशी डे निघाले. सुरुवातीची वर्षं मात्र या लेखाकडे फारसं कुणी वळलं नव्हतं. आकडे पाहून बढत्या देणाऱ्यांनी १९६२ साली हा माणूस तोलला असता, तर त्यांच्या हाती काय लागलं असतं? शिवाय एखादी पद्धत अंगवळणी पडली, की ती वापरणारे मूळ लेखाचं नाव देणंही सोडून देतात. ते ऋण कुठल्याच मोजणीत येत नाही.

विष आतड्याला पाणी सोडायला लावतं, आतडं कुरतडत नाही, हे कळत गेलं. म्हणजे गेलेलं पाणी भरून काढायला हवं. मीठ-साखरेच्या पाण्यानं पुढे लाखो जीव वाचले.

(दृश्य: स्टॉकहोम, जुनं छायाचित्र)

१९७८. नोबेल फाउंडेशनचं पटकीवरचं चर्चासत्र. डे यांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. साठच्या दशकापासून आपण मेल्यातच जमा होतो, या चर्चासत्राच्या समितीनं आपल्याला उकरून बाहेर काढलं, असं ते तिथं म्हणाले.

नोबेल मिळवलेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो, म्हणजे मानाचा सदस्य, केलं नाही. एकाही!

(दृश्य: अंकाचं मुखपृष्ठ, निवेदन थांबेपर्यंत स्थिर)

हा बंगळुरूचा 'करंट सायन्स', १९९०. डे यांच्या कामावरचा विशेषांक. ते जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.