गाइडबुकावर किती विसंबावे?

मित्रहो,

1944 साली दोस्त सैन्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करत होती, तेव्हा त्यांच्यापुढे एक साधी पण गंभीर अडचण होती. रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या जागेवर असतील याची शाश्वती नव्हती. मग अनोळखी शहरात शिरल्यावर वाट काढायची कशी? यावर उपाय म्हणून मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या फ्रान्सविषयीच्या गाइडबुकाचे अमेरिकेत पुनर्मुद्रण करून ते सैन्यातल्या अधिकाऱ्यांना देण्यात आले. ती आवृत्ती 1939 ची, म्हणजे पाच वर्षे जुनी होती. त्यातली हॉटेलांची माहिती तोवर केव्हाच निकालात निघाली असणार. पण त्यात गावोगावचे आणि शहरांचे बारकाईने काढलेले नकाशे होते, आणि हवे होते ते तेवढेच.

आजच्या विषयाचा गाभा मला या उदाहरणात दिसतो. ‘हे पुस्तक विश्वासार्ह आहे का?’ असे आपण सरसकट विचारतो आणि तिथेच आपली गफलत होते. एकाच पुस्तकातली माहिती वेगवेगळ्या वेगाने शिळी होत असते. नदीचे वळण, जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांची गुंतागुंत, एखाद्या इमारतीचा इतिहास हे सारे पिढ्यानपिढ्या टिकते. वस्तुसंग्रहालयाचा साप्ताहिक सुटीचा वार सहसा काही वर्षे तरी तोच राहतो, उघडण्याच्या वेळा त्याहून लवकर बदलतात, तिकिटाचे दर त्याहूनही लवकर. आणि उपाहारगृहाविषयीचे कौतुक तर तिथला आचारी सोडून गेला की त्याच दिवशी संपते. छापील पानावर मात्र ही सगळी वाक्ये एकाच टाइपात, एकाच ठामपणे उभी असतात. कोणते वाक्य किती दिवस टिकणारे आहे, हे ओळखण्याचे काम वाचकालाच करावे लागते.

त्यासाठी पहिल्यांदा उघडावे ते आवृत्तीचा तपशील देणारे पान. लेखकाची पायपीट, लेखन, संपादन, नकाशांची जुळणी आणि छपाई या सगळ्यात बराच काळ जातो. त्यामुळे दुकानात आलेली कोरी करकरीत प्रतसुद्धा बरेचदा वर्षभरापूर्वीचे शहर दाखवत असते. मी स्वतः हा धडा एका परक्या शहरात शिकलो. पुस्तकाने ज्या दालनासाठी ‘अर्धा दिवस राखून ठेवा’ असे बजावले होते, त्याच्या दारापर्यंत मी भर उन्हात चालत गेलो, तर संपूर्ण दर्शनी भाग परांचीने वेढलेला आणि दारावर दुरुस्तीची सूचना लावलेली. तिथल्या पायरीवर बसून मी पुस्तकाचे पहिले पान नीट पाहिले. मुखपृष्ठ नवे होते, पण आत ‘पुनर्मुद्रण’ असा शब्द होता, आणि मूळ आवृत्ती चार वर्षांपूर्वीची होती. सुधारित आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही.

विश्वासार्हतेची दुसरी कसोटी अशी, की लिहिणारा माणूस तिथे प्रत्यक्ष गेला होता का. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या कोब्लेन्झचे प्रकाशक कार्ल बेडेकर यांनी या प्रकारच्या पुस्तकांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती याच बळावर. मिलानच्या कॅथीड्रलचा जिना चढताना ते ठरावीक पायऱ्यांनंतर एकेक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत आणि उतरताना तोच हिशेब पुन्हा पडताळून पाहत, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. पायऱ्यांचा आकडा प्रवाशाला फारसा उपयोगी नसेलही; परंतु जो माणूस पायऱ्या मोजतो, त्याने इतर गोष्टीही पाहूनच लिहिल्या असतील, असा भरवसा वाचकाच्या मनात तयार होतो. याच्या उलट प्रसंग 2005 साली घडला. मिशलिनच्या बेनेलक्स देशांसाठीच्या, म्हणजे बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यासाठीच्या आवृत्तीत बेल्जियममधल्या एका उपाहारगृहाची शिफारस छापून आली, आणि ते पाहणीच्या वेळी सुरूच झालेले नव्हते, हे उघड झाल्यावर प्रकाशकांना ती आवृत्ती बाजारातून परत घ्यावी लागली. मला या प्रसंगात चुकीइतकेच माघारीचेही महत्त्व वाटते. छापील पुस्तकाची जबाबदारी घेणारे कोणीतरी असते, आणि चूक झाली तर तिचा खर्च त्याला सोसावा लागतो.

आता कोणी म्हणेल, की ताजी माहिती फोनवर क्षणात मिळते, मग पुस्तक कशाला? वेळा, दर, बंद-चालू यांसाठी फोनच पाहावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फोन आपण विचारले तेवढेच सांगतो. पुस्तकाचे खरे मोल निवडीत आणि क्रमात असते: दोनच दिवस हातात असताना काय सोडून द्यावे, कोणती दोन ठिकाणे एकाच फेरीत पायी होतात, कुठला चढ सकाळीच चढून घ्यावा. ही जुळणी कोणीतरी शहर पायाखाली घालूनच केलेली असते, आणि ती दरांइतकी लवकर शिळी होत नाही.

मात्र निवडीतच पुस्तकाचा मोठा दोषही दडलेला असतो, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. चुकीची वेळ दारापाशी पोहोचल्यावर लगेच कळते. पण जो भाग लेखकाने वगळला, तो वगळला आहे हेच आपल्याला कधी कळत नाही. कामगारवस्त्या, नव्याने वसलेली उपनगरे, स्थानिकांचा रोजचा बाजार यांवर कित्येक पुस्तकांत एक ओळही नसते, आणि असलीच तर ‘रात्री टाळावे’ एवढीच. शहराच्या नकाशाच्या कडा कुठे कापल्या आहेत ते पाहा. बहुतेक वेळा लेखकाची पायपीट तिथेच थांबलेली असते.

शितावरून भाताची परीक्षा करण्याचा एक मार्ग मी नेहमी वापरतो. विकत घेण्यापूर्वी, त्याच मालिकेतले माझ्या परिचयाच्या शहरावरचे पुस्तक काढतो आणि मला पक्की माहीत असलेली तीन-चार ठिकाणे वाचून पाहतो. अंतरे बरोबर आहेत का, प्रवेशद्वार खरोखर त्या बाजूला आहे का, आणि वर्णन त्याच जागेचे आहे की कोणत्याही जागेला चिकटवता येईल असे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आणि प्रवासात एक पेन्सिल जवळ ठेवावी. मी समासात दुरुस्ती करतो आणि शेजारी तारीख घालतो: ‘पश्चिमेचे दार बंद, मागून प्रवेश’, ‘पायऱ्यांची वाट खचली आहे’. माझी अशी एक प्रत आजवर तीन स्नेह्यांबरोबर जाऊन आली आहे, आणि आता तिच्या समासात चार हस्ताक्षरे आहेत.